फाट्यापर्यंत कोण नेणार?

२६ ऑगस्ट २०२२ पासून आपल्या राज्यात पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला एसटीचा प्रवास मोफत झाला. वाहक शून्य रुपयांचे तिकीट काढून हातात देतो आणि ते घ्यावेच लागते. पासष्ट ते पंचाहत्तर या वयातल्यांना निम्मे भाडे पडते. १७ मार्च २०२३ पासून बायकांना, वय कितीही असो, निम्मेच. घरातल्या दादी-नानीच्या हिशेबाने ही लहान सवलत नाही, आणि ती देणाऱ्यांचे आभार मानायला आम्ही मागेपुढे पाहणार नाही. तरीही खेड्यांतल्या ज्या ज्या घरी आमचे जाणे-येणे असते, तिथे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून फिरून फिरून एकच गोष्ट ऐकू येते: तिकीट माफ झाले, पण गाडी कुठे आहे?

आपल्या वर्धा जिल्ह्यात आठ तालुके आणि वर्धा, आर्वी, हिंगणघाट, पुलगाव, तळेगाव अशी एसटीची आगारे. मोठ्या रस्त्यावर गाड्या दिसतात. पण गावे रस्त्यावर नसतात, ती आत असतात. कुठे दोन किलोमीटर, कुठे चार. जिथे गावाचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो तो फाटा, आणि म्हाताऱ्या माणसाचा सगळा प्रवास या फाट्यावरच अडतो. तरुण पोरगा मोटरसायकलला किक मारून पाच मिनिटांत पोहोचतो. सत्तरीतल्या, गुडघे दुखणाऱ्या बाईसाठी तेच अंतर नागपूरपेक्षा लांब आहे. पावसाळ्यात आपली काळी माती पांदणीत काय करते हे सांगायला नको. पाय उचलला जातो, चप्पल तिथेच राहते. फाट्यावर पोहोचल्यावर सावलीला एखादे बाभळीचे झाड, बसायला काही नाही, आणि जलद गाडी हात दाखवून थांबेल याची खात्री नाही. थांबली तर पहिली पायरी इतकी उंच की मागून कोणी तरी आधार दिल्याशिवाय चढता येत नाही.

पूर्वी आडगावांसाठी एक उत्तम सोय होती, मुक्कामी गाडी. रात्री शेवटची बस गावात यायची, चालक-वाहक गावातच झोपायचे आणि पहाटे तीच गाडी शहराकडे निघायची. दवाखान्याच्या नंबरासाठी यापेक्षा चांगली वेळ नाही. अनेक गावांची ही गाडी हळूहळू गेली. आधी करोनाची टाळेबंदी, मग २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला आणि एप्रिल २०२२ पर्यंत लांबलेला कर्मचाऱ्यांचा संप. एसटीच्या ताफ्यात कधी काळी सुमारे अठरा हजार गाड्या होत्या, त्या पंधरा हजारांच्या घरात आल्या. गाड्या कमी पडल्या की पहिली फेरी कुणाची रद्द होते? जिथून प्रवासी कमी मिळतात त्या गावाची. शिकणारी मुले शहरात खोल्या करून राहतात, कमावते दुचाकीवर फिरतात, म्हणून प्रवासी कमी. उरलेले प्रवासी कोण, हा प्रश्न तक्त्यात येत नाही.

जनगणनेप्रमाणे २०११ साली महाराष्ट्रात दर शंभरात जवळजवळ दहा माणसे साठीच्या पुढची होती. ही सरासरी शहरांसकट आहे. ज्या गावातून जवान माणसे पुण्या-नागपूरला गेली, तिथल्या कोणत्याही मोहल्ल्यात सकाळी अकरा वाजता फेरी मारा. ओट्यांवर कोण बसलेले दिसते ते मोजा.

आमच्या ओळखीतल्या एका खालांची गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगत नाही, कारण अशा खाला प्रत्येक गावात आहेत. शुगर आणि बीपी दोन्ही. महिन्याला एकदा तपासणी आणि गोळ्या. मुलगा सेंट्रिंगच्या कामावर. खालांना दवाखान्यात न्यायचे म्हणजे त्याची एक दिवसाची मजुरी गेली, शिवाय गावातून फाट्यापर्यंत आणि परत येताना फाट्यापासून गावापर्यंत ऑटो सांगावा लागतो. मधल्या टप्प्याला सवलत आहे, दोन्ही टोकांना नाही. आणि खरे नुकसान भाड्याचे नाहीच. म्हाताऱ्या माणसाचा प्रवास दोन माणसांचा असतो आणि सोबतच्या माणसाचा दिवस सगळ्यात महाग असतो. खालांना हा हिशेब तोंडपाठ आहे. म्हणून पाय सुजला तरी त्या सांगत नाहीत. विचारले तर म्हणतात, “रहने दे बेटा, ऐसेच ठीक हो जाता.” गोळ्या संपल्यावर दोन आठवडे तशाच काढतात. ज्या दिवशी जातात त्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाहीत, कारण वाटेत बाईमाणसाने जायचे कुठे? शुगरच्या रुग्णाने, मे महिन्यात, वर्ध्याच्या उन्हात.

यावर लोक पटकन १०८ चे नाव घेतात. २०१४ पासून ही रुग्णवाहिका राज्यात धावते आणि तिने किती जीव वाचवले हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पण ती आणीबाणीची गाडी आहे. छातीत कळ आली तर ती येईल. महिन्याच्या तपासणीला, डोळ्यांत थेंब टाकायला, दाताची कवळी बसवायला ती यायची नाही, आणि येऊही नये. दवाखान्यातून घरी परत आणणे हेही तिचे काम नाही. मोतीबिंदूच्या शिबिरांनी मात्र एक गोष्ट दाखवून दिली आहे. शिबिराची गाडी गावात आली की वर्षानुवर्षे डोळ्यांवर पडदा घेऊन बसलेली माणसे बाहेर येतात, ऑपरेशन करून घेतात. तोवर ती का थांबली होती? ऑपरेशनला भ्यायली असतील, पण गाडी दारात आली आणि भीतीही बरीच कमी झाली. पुढच्या तपासणीला गाडी नसली की यातलीच कितीतरी जात नाहीत.

शासनाची इच्छा असली की घरापर्यंत येता येते, हेही आपण पाहिले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पंच्याऐंशीच्या पुढच्या आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना १२-ड नमुना भरून घरीच मत देता आले. कर्मचारी पेटी घेऊन दारात आले. चांगलेच झाले. फक्त त्याच माणसाला श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला, हयातीचा दाखला द्यायला, रेशनच्या यंत्रावर अंगठा लावायला मात्र स्वतः जावे लागते, आणि झिजलेला अंगठा यंत्राने ओळखला नाही तर पुन्हा जावे लागते. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच सत्तरीच्या पुढच्या खातेदारांना घरपोच बँक सेवा द्यायला बँकांना सांगितले आहे. पोस्टमनही आता घरी येऊन आधारवर पैसे देतो. ज्या कामासाठी माणसाला हलवावे लागत नाही तिथे काम हलवावे, हा वाहतुकीचा सगळ्यात स्वस्त उपाय. वाचकांनी आपल्या पोस्टात एकदा चौकशी करावी.

शिक्षक म्हणून आमच्याकडे येणारी एक तक्रार इथेच सांगून टाकतो. अनेक बुजुर्गांच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी आहे आणि साल अंदाजे टाकलेले. प्रत्यक्षात अठ्ठ्याहत्तर वर्षांचे चाचा कागदावर एकाहत्तरचे असतात, म्हणजे मोफत प्रवास आणखी चार वर्षे लांब. ज्यांनी शाळेत नाव घातले होते त्यांचा दाखल-खारीज रजिस्टरातला उतारा मिळतो आणि दुरुस्ती होते. जुनी रजिस्टरे मोडीत निघण्याआधी तो काढून ठेवावा. शाळेचे तोंडच न पाहिलेल्या आमच्या दादी-नानींची अडचण जास्त आहे.

आता मूळ मुद्दा. आपल्या शहरांतल्या, मोठ्या गावांतल्या कमिट्यांकडे मय्यतीची गाडी असते. कुठे जनाजा नेण्यासाठी, कुठे बाहेरगावाहून मय्यत आणण्यासाठी. लोक त्यासाठी मोकळ्या हाताने देतात, आणि रात्री दोन वाजता फोन केला तरी चालवणारा उठतो. हाजींना निरोप द्यायला नागपूरच्या विमानतळावर एकेका घरामागे किती गाड्या जातात तेही आपण पाहतो. एका हाजीमागे पाच-पाच, सात-सात. इज्तेमाला टेम्पो भरून जातात. म्हणजे गाड्या आहेत, चालवणारे आहेत, पैसेही आहेत. मेलेल्या माणसाला खांदा द्यायला सगळा मोहल्ला धावतो, आणि तोच माणूस जिवंत असताना फाट्यापर्यंत सोडायला कोणी नसते, ही गोष्ट आम्हाला खटकते. कोणाला दोष देण्यासाठी नव्हे. ही गरज कोणी कधी मोठ्याने सांगितलीच नाही, म्हणून तिची कमिटी झाली नाही.

आमच्या मते सुरुवात गाडी विकत घेण्यापासून करू नये. गाडी घेतली की हप्ता, विमा, चालकाचा पगार, कोणाच्या अंगणात उभी करायची यावरून वाद, आणि दोन वर्षांनी ती गाडी लग्नाच्या भाड्याला. त्यापेक्षा गावात किंवा शेजारच्या गावात जो परवानाधारक ऑटो किंवा व्हॅन आहे तीच आठवड्यातून एक दिवस ठरवून घ्यावी. ठरलेला वार, ठरलेली वेळ, आधी दवाखाना, मग बँक किंवा तहसील, आणि परत. फोन केला की गाडी येईल अशी सोय शहरात चालते. खेड्यात म्हातारा माणूस फोन करायलाच संकोचतो, “एकट्यासाठी कशाला” म्हणतो. गाडी मंगळवारी जाणारच आहे म्हटल्यावर तो संकोच उरत नाही. सात-आठ म्हाताऱ्यांमागे सोबतीला दोन माणसे पुरतात, त्यातली एक बाई असावी. आमच्या बुजुर्ग बायका परक्या पुरुषाच्या आधाराने गाडीत चढायला तयार होत नाहीत आणि त्यांना तयार करायची गरजही नाही. एक बाई सोबत असली की प्रश्न मिटतो. पाच घरच्या पाच मुलांच्या मजुरीचे पाच दिवस वाचतात.

पैशाचा हिशेब मांडून पाहू. समजा दिवसभराला गाडीवाला १५०० रुपये घेतो. महिन्याला चार फेऱ्या, ६००० रुपये. गावात दीडशे घरे असली तर घरटी महिन्याला ४० रुपये, वर्षाला ४८०. ज्याच्या घरी आज म्हातारे माणूस नाही त्याने का द्यावे, असे कोणी विचारेलच. त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी दिले गेले आहे. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. तिथल्या कस्तुरबा रुग्णालयातून डॉ. उल्हास जाजू आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या आसपास आजूबाजूच्या खेड्यांत आरोग्य विम्याची एक योजना चालवली. वर्गणी पैशात नव्हे, ज्वारीत घ्यायची, तीही पीक हाती आल्यावर. जमीन असलेल्याने जास्त, मजुराने कमी. आणि अट अशी की गावातल्या किमान ७५ टक्के घरांनी भाग घेतला तरच ते गाव योजनेत. त्या बदल्यात अचानक आलेल्या आजारपणात सभासदाला उपचाराची हमी. आम्हाला या योजनेतली दोन सूत्रे फार शहाणपणाची वाटतात. एक, शेतकऱ्याकडे पैसा असतो तेव्हाच मागावे, दर महिन्याला दारात उभे राहू नये. दुसरे, अर्ध्या गावाची योजना चालत नाही. आता ज्वारी आपल्याकडे फारशी उरली नाही, सोयाबीन, कापूस आणि तूर आहे. तूर विकली गेली की वर्षाचे ४८० रुपये द्यायला कोणी नाही म्हणणार नाही.

हेच पाहता ही सोय फक्त आपल्या घरांपुरती करता येणार नाही, करूही नये. खेड्यात आपली दहा-वीस घरे असतात. त्यांच्या बळावर आठवड्याची गाडी भरत नाही. फाट्यावर पाटलांच्या आजीही उभ्या असतात आणि बौद्धवाड्यातले आजोबाही. ग्रामपंचायत, बचत गट, भजनी मंडळ आणि मशिदीची कमिटी एका सतरंजीवर बसली तरच हे काम उभे राहते. आपल्या कमिटीने पुढाकार घ्यावा एवढेच. जकातीचा पैसा अशा कामाला वापरता येतो का, हा उलेमांना विचारण्याचा प्रश्न आहे, तो आपण आपल्या मनाने सोडवू नये. सदका आणि इमदादीच्या रकमेतून गरीब घरांचा वाटा भरायला तर अडचण नसावी.

कायद्याची एक बाब मात्र नीट समजून घ्या. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीत भाडे घेऊन माणसे नेता येत नाहीत. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि भले करायला गेलेला माणूस कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो. पैसे घ्यायचे तर पिवळ्या पाटीची, परवान्याची गाडी हवी. फुकट सोबत नेणे ही वेगळी गोष्ट. आमच्यासारखे कितीतरी शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य कर्मचारी रोज शहरातून खेड्यात अप-डाउन करतात. संध्याकाळी त्यांच्या गाड्या रिकाम्या परततात. पण म्हाताऱ्यांना सकाळी शहरात जायचे असते आणि आम्ही तेव्हा गावाकडे निघालेले असतो, त्यामुळे हा उपाय दिसतो तेवढा कामाचा नाही. ज्यांना लेकीकडे मुक्कामाला जायचे असते त्यांना तो उपयोगी पडतो.

फाट्यापर्यंतच्या टप्प्याला ई-रिक्षा चांगली. ताशी २५ किलोमीटरच्या आत चालते, चार माणसे बसतात, पायरी खाली असते आणि बॅटरीवरच्या गाड्यांना केंद्र सरकारने २०१८ मध्ये परवान्याच्या अटीतून मोकळे केले आहे. नोंदणी, चालकाचे लायसन्स आणि विमा हवाच. बचत गटाच्या बायकांनी प्रवासी गाडी चालवावी म्हणून केंद्राने २०१७ मध्ये आजीविका ग्रामीण एक्सप्रेस नावाची योजना काढली होती. त्यात गाडीसाठी साडेसहा लाखांपर्यंत बिनव्याजी रक्कम आणि मार्ग आधी पाहणी करून ठरवायचा असा नियम होता. ती निवडक तालुक्यांसाठी होती. तिच्यातले पाहणीचे कलम कोणत्याही गावाने फुकटात उचलावे.

अमेरिकेत मेन नावाच्या राज्यात १९९५ मध्ये अशीच एक सेवा सुरू झाली. तिथली अडचण उलटी आहे: म्हातारी माणसे स्वतःची मोटार चालवणे सोडत नाहीत आणि अपघात होतात. ज्यांनी मोटार सोडली त्यांची गाडी संस्था घेते आणि तिच्या किमतीएवढा प्रवास त्यांच्या खात्यावर जमा करते. स्वयंसेवक दुसऱ्यांना सोडायला जातात तेव्हा त्यांच्याही नावावर जमा होते, ते पुढे स्वतःच्या म्हातारपणी वापरता येते. आमच्या खालांनी तर आयुष्यात सायकलही चालवलेली नाही. पण आज सोडणाऱ्याला उद्या कोणी तरी सोडेल, अशी वही गावात ठेवायला काय हरकत आहे?

आणि दवाखाना हे प्रवासाचे एकच कारण मानू नका. आमच्या पाहण्यात म्हातारी माणसे दवाखान्यासाठी कशीबशी नेली जातातच. बाकी कशासाठी नेली जात नाहीत. बहिणीच्या घरी चाळिसावा आहे, जुन्या मैत्रिणीच्या नातीचे लग्न आहे, गिरडच्या टेकडीवर बाबा फरीदच्या दर्ग्याला जायचे म्हणून दहा वर्षे मनात आहे. मुले म्हणतात, “अम्मा, आप कहाँ धूप में जाओगे, हम जा के आते.” त्यांच्या बोलण्यात माया असते, पण त्या मायेने माणूस हळूहळू एका खोलीचा होतो. पलीकडे शेतांतून समृद्धी महामार्ग जातो, ज्यावर दुचाकी आणि ऑटोला बंदी आहे. गावातून त्याच्या गाड्यांचा आवाज येतो. महिन्याच्या चार फेऱ्यांतली एक फेरी भेटीगाठींसाठी राखून ठेवावी, आणि तिला कोणी चैन म्हटले तर ऐकून घेऊ नये.

एसटीची मागणीही सोडायची नाही. “आमच्या गावात बस नाही” अशा अर्जाला आगारात काही किंमत नसते. ग्रामसभेचा ठराव, कोणत्या वारी, कोणत्या वेळी, किती माणसे, त्यात पंचाहत्तरीच्या पुढची किती, हे आकडे जोडून आगार व्यवस्थापकांना आणि विभाग नियंत्रकांना अर्ज द्यावा. सवलतीच्या प्रवाशांचे पैसे शासन महामंडळाला भरून देते, हेही त्यात लिहावे; शून्य रुपयांचे तिकीट म्हणजे तोट्याचा प्रवासी असा गैरसमज त्यामुळे राहत नाही. बसला गावात येणे जमत नसेल तर निदान फाट्यावर विनंती थांबा मागावा, आणि ग्रामपंचायतीने तिथे एक बाकडे आणि टिनाचे छप्पर टाकावे.

या सगळ्याला आधी गावाची यादी हवी, आणि ती शाळेइतकी चांगली कोणी करू शकत नाही. सातवी-आठवीच्या मुलांना एका रविवारी वही देऊन पाठवा. घरात सत्तरीच्या पुढचे कोण, चालता येते का, महिन्यातून किती वेळा आणि कुठे जावे लागते, सोबत कोण जाते. शेवटचा प्रश्न मुलांनी दादीलाच विचारावा, घरच्यांना नव्हे: गाडी मिळाली तर कुठे जायला आवडेल? आणि गाडीवाल्याशी बोलताना सकाळी निघायच्या वेळेआधी परतीची वेळ पक्की करून घ्या. दोनच्या आत फाटा सोडला पाहिजे. उन्हाळ्यात त्याहीपेक्षा लवकर.